होळकर पूल : कमानी, चुना आणि खालचा बंधारा

गोदावरीला पूर आला की नाशिककर दोन गोष्टी पाहतात : पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं आणि होळकर पुलाखालून किती क्युसेक चाललंय. रामकुंडाच्या वरच्या अंगाचा हा पूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, तेव्हाचा व्हिक्टोरिया पूल.

दगडी कमान उभारताना आधी लाकडी साचा, मग त्यावर दोन्ही बाजूंनी सारखेच घडीव दगड चढवायचे आणि शेवटी माथ्यावर चावीचा दगड. एका बाजूला घाई झाली की साचा कलतो. चुन्याच्या घाणीत (दगडी चाक फिरवायच्या चरात) मळलेला चुना सावकाश आवळतो, म्हणून साचा लगेच सोडत नाहीत. शेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला दोन्हीकडून रेटतात. एक गाळा (दोन खांबांमधली कमान) गेला की रेटा एकतर्फी होतो आणि पुढचाही धोक्यात येतो.

अशा पुलांना वरच्या वजनापेक्षा पायाखालची धूप जास्त नडते. 2 ऑगस्ट 2016 ला गोदावरीला मोठा पूर होता. त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा 1928 सालचा दगडी कमानींचा पूल दोन एसटी बससह वाहून गेला. त्यानंतर राज्यभर ब्रिटिशकालीन पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या.

याच पार्श्वभूमीवर होळकर पुलाखालच्या बंधाऱ्याचा वाद पाहावा लागतो. जुना बंधारा काढून तिथे यांत्रिक दरवाजे बसवायची योजना आली. बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं : पक्क्या बंधाऱ्यामागे गाळ साचतो, पुराचं पाणी अडून मागे फुगतं, दरवाजे उघडले की दोन्ही प्रश्न सुटतात. हे खरं आहे, पण अर्धंच. दरवाज्याखालून सुटणारं पाणी वेगाने तळाला लागतं. खाली खडक उघडा असेल तर फारसं बिघडत नाही. दगडगोट्यांचा थर असेल तर खड्डा पडतो आणि तो खांबाच्या दिशेने सरकतो. त्यामुळे दरवाज्यांपुढचं तळाचं काँक्रीट किती लांब, ते कुठे संपतं आणि दर पावसाळ्यानंतर तळ मोजणार कोण, हे प्रश्न दरवाज्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे होते. चर्चा मात्र बहुतेक सुशोभीकरणाभोवतीच फिरली.

दुरुस्तीतही एक खोड आहे. सांधे सिमेंटने भरले की आतलं पाणी कोंडतं, चुना विरघळून कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ दिसू लागतात. सांध्यातला पिंपळ नुसता छाटून भागत नाही. मूळ आत जिवंत राहतं आणि दगड सरकवत जातं.