मत्स्यबीज नंतर, आधी गोटे मोकळे करा

पावसाळा लागला की कुठल्या ना कुठल्या बंधाऱ्यावर मांडव पडतो. हार घातलेले पाहुणे प्लॅस्टिकच्या पिशव्या उघडून मत्स्यबीज सोडतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की नदीला नवजीवन मिळाले. पिशवीत असतात रोहू, कटला, मृगळ. हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले मासे. तलावात वाढवायला उत्तम, खायलाही उत्तम. पण त्यांच्या जोरावर बेळगावकडची मलप्रभा किंवा मार्कंडेय नदी सुधारली म्हणणे म्हणजे देवराईत ऊस लावून जंगल वाढवल्याचे सांगणे.

आपले मासे म्हणजे खडस (महाशीर), वांब, मरळ, शिंगटा आणि ओढ्यातली बोटाएवढी मुरी. हिरण्यकेशी संकेश्वराकडे येते ती आंबोलीहून. तिथल्या उगमाच्या कुंडात मुरीची एक नवी जात सापडली, तिचे वर्णन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2021 मध्ये महाराष्ट्राने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. शिवाय घटप्रभेवर गोकाकचा सुमारे 52 मीटरचा धबधबा आहे. त्याच्या वरचा मासा संपला तर खालचा चढून येणार नाही.

खरा फरक अंड्यात आहे. रोहूचे अंडे पाण्यात फुगते, प्रवाहाबरोबर हलते आणि दिवसाच्या आत फुटते. खडसाचे जड असते. ते खडीच्या फटीत जाऊन बसते, फुटायला तीनेक दिवस घेते आणि पिल्लू पोटाखालचा बलक संपेपर्यंत त्याच सांदीत राहते. एवढे दिवस तिथे श्वास कसा घ्यायचा?

25 अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात ऑक्सिजन फार तर 8 मिलीग्रॅम विरघळतो. तेवढ्याच हवेत तो पावणेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय थांबलेल्या पाण्यात तो फार हळू पसरतो. एक मिलिमीटर जायला साधारण चार मिनिटे, एक सेंटिमीटर जायला जवळजवळ सात तास. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो, विसरणाचा नियमच तसा आहे. म्हणजे अंड्याभोवतीचे पाणी हलत राहिलेच पाहिजे. अंड्याने आपल्या लगतच्या पातळ थरातला ऑक्सिजन संपवला आणि नवे पाणी आले नाही, तर वरून नदी कितीही खळाळो, ते गुदमरते.

खडीत पाणी हलते कसे? खळाळाच्या ठिकाणी तळ उंचवटल्यासारखा असतो. वरच्या अंगाला पाण्याची पातळी किंचित जास्त, खालच्या अंगाला कमी. या फरकाच्या दाबाने थोडे पाणी गोट्यांमधून शिरते आणि पुढे बाहेर पडते. खडीतून किती पाणी जाईल हे फटीच्या आकाराच्या वर्गावर ठरते. फट दहापट अरुंद झाली की प्रवाह साधारण शंभरपट घटतो. त्यामुळे नांगरटीची माती आणि बारीक रेती खडीत बसली की वरून स्वच्छ दिसणारी नदीसुद्धा आतून बंद असते. त्या गाळात सांडपाणी असेल तर तो कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खातो.

तपासायला फेब्रुवारी-मार्च बरा, पाणी नितळ असते. खळाळातले मुठीएवढे 30 गोटे एकेक करून सरळ वर उचला. गाळात रुतलेल्या भागाची रेघ गोट्यावर स्पष्ट दिसते. रुतलेली उंची भागिले एकूण उंची काढा आणि 30 गोट्यांची सरासरी घ्या. एक तृतीयांशाच्या आत असेल तर ठीक, निम्म्याच्या वर गेली तर तळ गच्च झाला.

गच्च तळ वाहत्या पाण्यात फावड्याने किंवा दंताळ्याने 15-20 सेंटिमीटर हलवता येतो, मत्स्य खात्याला विचारून आणि विणीच्या पावसाळी महिन्यांत अजिबात नाही. सुरुवात वरच्या टोकाकडून करा, कारण उठलेला गाळ खाली जाऊन बसतो आणि पुढचा पट्टा हलवताना तोही निघतो. उलट केले तर मोकळे केलेले पुन्हा बुजते. गोटे बाहेर काढायचे नाहीत. आणि यंत्र तर आणूच नका, ते गाळासोबत खडीही उचलते आणि मग उरतो तो सरळ, सपाट कालवा.

पण माती येत राहिली तर एका पुरात सगळी मेहनत वाया. ऊस अगदी काठापर्यंत असेल तर पाच-सहा मीटरचा पट्टा सोडावा लागतो. पात्रालगत शेरणी आणि वाळुंज लावा (वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली तरी जगते), वर करंज, जांभूळ, उंबर. शेरणी पुरात लवते, मोडत नाही.

नदीत जिवाणूंचे गोळे टाकून ती शुद्ध करण्याची नवी टूम निघाली आहे. गाळात जिवाणूंचा तुटवडा नाही, तुटवडा आहे ऑक्सिजनचा. जास्त जिवाणू म्हणजे तो आणखी कमी. त्यापेक्षा जुना देवाचा डोह बरा. तिथे कोपाच्या भीतीने का होईना, जाळे पडत नाही. मात्र त्याच डोहात निर्माल्याची पोती रिकामी झाली तर कुजण्याचा हिशोब देवालाही चुकत नाही.

राहिले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. जूनमध्ये बरगे (पाणी अडवायला घातलेल्या फळ्या) वेळेवर निघाले नाहीत तर विणीला वर निघालेला मासा तिथेच अडतो. आणि एका दिवसात सगळे काढले तर तळाचे काळे, ऑक्सिजन नसलेले पाणी लोंढ्याने सुटते आणि खाली मेलेले मासे तरंगतात. म्हणून पहिले पाणी चढू लागले की बरगे थोडे थोडे करून, तीन-चार दिवसांत काढावेत.