ॲलर्जी व प्रतिरक्षा तज्ज्ञ

ॲलर्जी व प्रतिरक्षा तज्ज्ञ : निरुपद्रवी पदार्थाविरुद्ध शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा अकारण पेटून उठते, किंवा गरज असताना ती उभीच राहत नाही, या दोन्ही प्रकारच्या बिघाडांचे निदान व उपचार करणारा डॉक्टर. बोलण्यात त्याला ॲलर्जिस्ट म्हणतात. परागज्वर, दमा, इसब, अंगावर गांधी उठणे, अन्न, औषध व कीटकदंश यांची ॲलर्जी, ॲनाफिलॅक्सिस (अंगभर पसरणारी, जीवघेणी ठरू शकणारी तीव्र प्रतिक्रिया) आणि जन्मजात प्रतिरक्षा न्यूनता हे विकार त्याच्या कक्षेत येतात. नेत्रतज्ज्ञ किंवा हृदयरोगतज्ज्ञ एका अवयवाचा असतो, तसे याचे नाही. एकाच रुग्णाचे नाक, त्वचा, फुप्फुसे व आतडी त्याला एकत्र पाहावी लागतात.

संज्ञा : मराठीत 'वावडे' हा शब्द जुना व नेमका आहे, पण त्यात न पचणे, न मानवणे, न आवडणे हे सगळेच येते. परिभाषेतील 'अधिहृषता' हा प्रतिशब्द लोकांच्या तोंडी बसला नाही आणि 'ॲलर्जी'च रूढ झाला. हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पीर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. ग्रीक 'ॲलॉस' म्हणजे दुसरा आणि 'एर्गॉन' म्हणजे कार्य. घोड्याची प्रतिविषयुक्त रक्तलस (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टोचलेल्या मुलांना काही दिवसांनी ताप येई, पुरळ उठे, सांधे धरत. दुसऱ्यांदा रक्तलस टोचली की हेच अधिक लवकर घडे. बेला शिक यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये या रक्तलसजन्य विकारावर ग्रंथ लिहिला होता. एकदा संबंध आल्यावर शरीराची प्रतिसाद देण्याची रीतच बदलते. हा बदल रक्षण करणारा असो वा त्रास देणारा, दोन्हींना मिळून पीर्के यांनी 'ॲलर्जी' म्हटले. 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द असताना आणखी एक कशाला, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. पुढे शब्दाचा अर्थ आक्रसून केवळ त्रासदायक प्रतिक्रियेपुरता उरला. काही अभ्यासक हा संकोच सोयीचा मानतात. तथापि ॲलर्जी आणि प्रतिरक्षा न्यूनता हे दोन्ही विषय एकाच तज्ज्ञाकडे का, याचा उलगडा मूळच्या व्यापक अर्थानेच अधिक चांगला होतो.

पूर्वेतिहास : इजिप्तचा पहिला राजा मेनेस गांधीलमाशीच्या दंशाने मेला व ही ॲनाफिलॅक्सिसची पहिली नोंद होय, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. त्याचा आधार विसाव्या शतकातील एका शिलालेखवाचनाचा असून ते वाचन आता बहुतेकांना ग्राह्य वाटत नाही. त्याहून भक्कम आधार पर्शियन वैद्य अल् राझी यांच्या टिपणाचा आहे. अबू झैद अल् बल्खी यांना वसंतात गुलाबाच्या वासाने पडसे का होते, याची चर्चा त्यांनी साधारणपणे इ. स. ९०० च्या आगेमागे केली. अशा पडशाचे, म्हणजे परागज्वराचे, आधुनिक वर्णन जॉन बॉस्टॉक यांचे. या लंडनच्या डॉक्टरांना स्वतःलाच हा विकार होता. १८१९ मध्ये त्यांनी आपली लक्षणे वैद्यकसभेपुढे मांडली आणि १८२८ पर्यंत २८ रुग्णांची माहिती जमवली. कारण मात्र उन्हाळ्याच्या उष्म्याला चिकटवले. चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये परागकणांकडे बोट दाखवले. स्वतःची त्वचा खरवडून त्यांनी तीवर पराग लावले होते. त्वचाचाचणीचा आरंभ सामान्यतः येथून मोजतात.

ॲनाफिलॅक्सिसचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रीशे व पॉल पोर्तिये यांचा मानला जातो. मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर १९०१ मध्ये समुद्री जीवांच्या विषावर सुरू झालेले काम त्यांनी पॅरिसला परतून कुत्र्यांवर पुढे नेले. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने विषाची पहिली मात्रा सहज सोसली. सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा दिलेल्या मात्रेने तो अर्ध्या तासाच्या आत मेला. रक्षण वाढायला हवे होते, ते उलटले. १९०२ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक एकट्या रीशे यांना मिळाले. फ्रांस्वा माझांदी यांनी सशांना अंड्याचे पांढरे पुन्हा टोचल्यावर असेच मृत्यू १८३९ च्या सुमारास नोंदवले होते. पण त्यांनी त्याला नाव दिले नाही की त्याचा पाठपुरावा केला नाही, त्यामुळे शोधाचे श्रेय रीशे व पोर्तिये यांनाच देणे रास्त होय.

ही प्रतिक्रिया रक्तातील कशामुळे होते, याचा पहिला पुरावा १९२१ मधील एका साध्या प्रयोगाने दिला. हाइन्झ क्यूस्टनर यांना शिजवलेला मासा चालत नसे. त्यांची रक्तलस कार्ल प्राउसनिट्झ यांनी आपल्याच पोटाच्या त्वचेत टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तेवढ्याच जागी गांध उठली. प्राउसनिट्झ यांना स्वतःला गवताच्या परागांचा त्रास होता, पण त्यांची रक्तलस क्यूस्टनर यांच्या त्वचेत टोचून मात्र काही घडले नाही. रक्तातील या अज्ञात घटकाची ओळख पटायला ४५ वर्षे लागली. किमिशिगे व तेरुको इशिझाका यांनी डेन्व्हरला, तर गुन्नार योहान्सन व हान्स बेनिक यांनी स्वीडनमधील उप्सालाला, १९६६-६७ च्या दरम्यान स्वतंत्रपणे तो वेगळा केला. १९६८ मध्ये त्याला आयजीई (इम्युनोग्लोब्युलिन ई) हे नाव निश्चित झाले. अग्रमान कोणाचा, यावर लिहिले गेले आहे. दोन्ही गटांना समान श्रेय देणेच उचित.

आयजीई हे प्रतिपिंड (प्रतिरक्षा यंत्रणेने बनवलेले प्रथिन) त्वचेतील व श्लेष्मल पटलांतील (नाक, आतडी इत्यादींच्या ओलसर अस्तरांतील) मास्ट पेशींना आधीच चिकटून बसलेले असते. प्रतिजन (ज्याविरुद्ध प्रतिपिंड बनते तो पदार्थ) येऊन शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना जोडतो, तशी पेशी हिस्टामीन (खाज व सूज आणणारे द्रव्य) व इतर द्रव्ये बाहेर ओतते. म्हणून लक्षणे काही मिनिटांत दिसतात. मात्र सर्वच ॲलर्जी या मार्गाने होत नाहीत. निकेलसारख्या धातूच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहात टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा हात असतो आणि त्याला एक-दोन दिवस लागतात.

निदान : या डॉक्टरचे मुख्य साधन म्हणजे रुग्णाची हकीकत. काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, पूर्वी तेच खाऊन काही झाले होते का, सोबत व्यायाम किंवा वेदनाशामक गोळी होती का, हे खोदून विचारावे लागते. त्यानंतर चाचणी. हाताच्या आतल्या बाजूवर संशयित पदार्थांच्या अर्काचे थेंब ओळीने ठेवतात, प्रत्येक थेंबातून टोकदार सुईने रक्त न येईल इतकेच टोचतात आणि १५ मिनिटे थांबतात. तुलनेसाठी ठेवलेल्या हिस्टामीनच्या थेंबाखाली गांध उठलीच पाहिजे, क्षारद्रावाच्या (मिठाच्या पाण्याच्या) थेंबाखाली उठता कामा नये. या दुसऱ्यापेक्षा निदान ३ मिमी मोठी गांध आली, तर चाचणी होकारार्थी. रुग्णाने आदल्या काही दिवसांत हिस्टामीनरोधक गोळी घेतली असेल, तर हिस्टामीनचा थेंबही गप्प राहतो आणि सगळी चाचणी वाया जाते.

होकारार्थी चाचणी म्हणजे आजार नव्हे, हे मात्र ठासून सांगायला हवे. ती फक्त आयजीई असल्याचे दाखवते. ढीगभर चाचण्यांच्या कागदावरून मुलाचे दूध, अंडी, गहू, शेंगदाणे एकदम बंद करणे हा गंभीर अपाय आहे. त्याने मूल खुरटते आणि चालत असलेला पदार्थही पुढे न चालण्याचा धोका वाढतो. शंका उरल्यास तज्ज्ञाच्या नजरेखाली तो पदार्थ अल्प मात्रेपासून वाढवत खाऊ घालणे, हीच निर्णायक परीक्षा. पेनिसिलिनचेही असेच. ज्यांच्या कागदपत्रांवर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' लिहिलेले असते, त्यांपैकी दहात नऊहून अधिक जणांना पद्धतशीर तपासणीनंतर ते औषध चालते. असा चुकीचा शिक्का पुसणे हे या वैद्यकशाखेतील फार मोलाचे काम होय.

उपचार : टाळणे, औषधे व प्रतिजन-उपचार (त्रास देणारा पदार्थच वाढत्या मात्रेत देऊन शरीराला त्याची सवय लावणे) या तीन वाटा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये मांडीच्या बाहेरील स्नायूत ताबडतोब ॲड्रेनॅलिन टोचणे हाच पहिला उपचार. दर किलो वजनास ०.०१ मिग्रॅ., प्रौढास अधिकात अधिक ०.५ मिग्रॅ. हिस्टामीनरोधकाची वाट पाहण्यात जीव जातो. प्रतिजन-उपचार लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये सुरू केला. परागात विष असते व त्याची लस देता येईल, अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची ठरली, उपचार टिकला. तो साधारणतः ३ ते ५ वर्षे चालतो आणि प्रत्येक टोचणीनंतर रुग्णाला अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतात. गेल्या काही दशकांत आयजीईला बांधणाऱ्या ओमालिझुमॅबसारख्या प्रतिपिंड-औषधांची भर पडली.

प्रतिबंधाबाबत मत पूर्ण फिरले आहे. जोखमीच्या बालकांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे २००० मध्ये अमेरिकेत सांगितले जाई. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६४० बालकांच्या चाचणीत ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी ॲलर्जीचे प्रमाण ३.२ टक्के, तर टाळणाऱ्यांत १७.२ टक्के आढळले.

प्रशिक्षण : अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर अंतर्वैद्यक किंवा बालरोग यांत तीन वर्षे व त्यापुढे या विषयात दोन वर्षे असा क्रम आहे, प्रमाणन मंडळ १९७१ पासूनचे. जर्मनीत ही दुसऱ्या विशेष वैद्यकशाखेला जोडून घेतलेली पात्रता असते. अनेक देशांत त्वचारोग, कान-नाक-घसा किंवा छातीविकारांचे डॉक्टरच हे काम पाहतात. बहुतांश काम बाह्यरुग्ण विभागातले.

प्रतिरक्षा न्यूनतेचे रुग्ण त्या मानाने विरळ. या शाखेचा आरंभ अमेरिकी डॉक्टर ऑग्डन ब्रूटन यांच्या १९५२ मधील रुग्णापासून धरतात. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या त्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन (प्रतिपिंडे असलेला रक्तातील प्रथिनांचा गट) नव्हतेच; ते बाहेरून टोचल्यावर संसर्ग थांबले. आजही अशा रुग्णांना तेच, बहुधा दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून, आयुष्यभर द्यावे लागते.