बिट्टी आणि कण्हेर : एका नावाच्या घोळाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या रोपवाटिकेत ‘पिवळी कण्हेर’ मागितली, तर बहुतेक वेळा हातात पडते ती बिट्टी. ज्या जुन्या वाड्यांच्या परसात हे झाड पूर्वीपासून आहे, तिथे मात्र त्याला कुणी कण्हेर म्हणत नाही. तिथल्या मुलींनी त्याच्या टणक बियांचे सागरगोटे केलेले असतात आणि फुले शंकराला वाहिलेली असतात, त्यामुळे ते झाड त्यांच्या लेखी बिट्टीच असते. माझ्या मते हेच नाव अधिक नेमके आहे, कारण कण्हेरीशी असलेले तिचे साम्य मुख्यतः पानांपुरते आहे आणि सगळा घोळ या पानांनीच घातलेला आहे.

कण्हेर आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे. संस्कृतातला ‘करवीर’ तो हाच, आणि मराठीत ज्या कुळाला करवीर कुल म्हणतात त्यातच बिट्टीही मोडते. बिट्टीचे मूळ घर मात्र मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत आहे. त्यामुळे युरोपीय जहाजांचा अमेरिकेशी आणि मग भारताशी संबंध जुळल्यानंतरच ती इकडे येऊ शकली, हे उघड आहे.

बिट्टीच्या शास्त्रीय नावाची गोष्ट ब्राझीलपासून सुरू होते. आंद्रे थेवे हा फ्रेंच धर्मोपदेशक १५५५ मध्ये तिथे गेला होता. तिथले मूळ रहिवासी एका विषारी फळाची कवचे पायांत बांधून नाचत असत, असे त्याने लिहून ठेवले आहे. ते फळ बिट्टीच्या जवळच्या नात्यातल्या झाडाचे होते. पुढे १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने बिट्टीला ‘सर्बेरा थेवेशिया’ म्हटले आणि थेवेचे नाव तिला कायमचे चिकटले. नंतर ‘थेवेशिया नेरीफोलिया’, म्हणजे कण्हेरीच्या पानांची, असे नाव रूढ झाले. तेव्हा हा घोळ केवळ आपल्या रोपवाटिकांचा नाही, शास्त्रज्ञांनीही त्याला हातभार लावला आहे. त्यानंतरच्या ‘थेवेशिया पेरुव्हियाना’ने तिला उगाचच पेरू देशाची केले. आज मान्य असलेले नाव ‘कास्काबेला थेवेशिया’ हे आहे. स्पॅनिशमध्ये ‘कास्काबेल’ म्हणजे घुंगरू. त्या नाचाची आठवण देणारे हे नाव मला तरी सर्वांत शोभणारे वाटते.

ओळख पटवायला फूल येईपर्यंत थांबावे लागत नाही. कण्हेरीच्या एकेका पेरावर साधारणपणे तीन-तीन पाने एकाच पातळीवर, फेर धरल्यासारखी येतात. ती जाड आणि चिवट असून मधल्या शिरेपासून दोन्ही कडांकडे बारीक समांतर शिरा जातात. बिट्टीची पाने एकाआड एक येतात, अधिक अरुंद व चकचकीत असतात आणि त्यांत मधली एकच शीर ठळक दिसते. देठ मोडला की पांढरा चीक टपकतो. फुलात पाहिले तर कण्हेरीच्या पाकळ्यांच्या घशाशी कातरलेली झालर असते, आणि बिट्टीचे फूल म्हणजे पिळदार पाकळ्यांचे नरसाळे. फळांवरून तर चूक होणेच शक्य नाही : कण्हेरीला लांब शेंगा येतात आणि त्यातून केसाळ बी उडते, बिट्टीला तिकोनी, हिरवे, पिकल्यावर काळे पडणारे फळ येते.

लागवड सोपी आहे. पावसाच्या तोंडावर बिट्टीचे बी पेरावे; मात्र पिवळा, केशरी किंवा पांढरा असा ठरावीक रंग हवा असेल, तर त्या झाडाची काडीच लावावी. पुण्याचा कोरडा उन्हाळा तिला सोसतो, मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. फुले कोवळ्या फांद्यांच्या टोकांना येतात, म्हणून छाटणी टाळू नये. गुरे आणि शेळ्या कण्हेर व बिट्टी या दोन्ही झुडपांना सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच ती कुंपणाला धरली गेली. याचे कारण त्यांचे सर्वांगी विष हृदयावर परिणाम करणारे आहे. छाटणीनंतर चिकाने माखलेले हात धुवावेत, काटक्या चुलीत घालू नयेत, आणि घरात लहान मूल असेल तर बिट्टीची पडलेली फळे रोजच्या रोज वेचून टाकावीत.