पुणे–नागपूर: पाऊण तासाचं गणित, सव्वा तासाचा प्रवास

पुण्याचं लोहगाव ते नागपूरचं सोनेगाव हे सरळ हवाई अंतर साधारण ६०५ किलोमीटर भरतं. रस्त्याने हेच अंतर सातशेच्या वर जातं. जेट विमानाचा वेग ताशी ७८० किलोमीटर धरला तर भागाकार पाऊण तासाचा येतो. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास असतो. मग उरलेला वेळ जातो कुठे?

मुळात तिकिटावरची वेळ नुसती उडण्याची नसतेच. पुण्यात चाकांना अडवून धरणारे ठोकळे काढल्यापासून नागपुरात ते पुन्हा लागेपर्यंतचा तो हिशोब आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, त्यामुळे धावपट्टी लढाऊ आणि प्रवासी विमानांनी वाटून घ्यायची. तिथे पाळी लागते. शिवाय विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जायचंय पूर्वेला आणि उड्डाण पश्चिमेकडे तोंड करून. मग वळसा आलाच.

खरी गंमत त्यानंतरची आहे. ३३,००० फूट म्हणजे सुमारे १० किलोमीटर उंची गाठायला विमानाला जवळपास वीस मिनिटं आणि दोनशे किलोमीटर लागतात. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं, तर चढण संपते पैठण-गेवराईच्या आसपास. उतरण्यासाठी वैमानिकांचा एक सोपा आडाखा आहे: दर हजार फुटांना तीन सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर). ३३ त्रिक ९९, म्हणजे सुमारे १८३ किलोमीटर. नागपूरपासून इतकं मागे मोजलं की आपण येतो कारंजा लाडवर. वऱ्हाडात शिरतो न शिरतो तोच विमान उतरायला लागलेलं असतं! कानांना दडे बसायला लागतात ते तेव्हाच. म्हणजे ज्या वेगाने आपण भागाकार केला, तो वेग मिळतो फक्त गेवराई ते कारंजा, जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. बाकीचा प्रवास चढउतारात, कमी वेगात. मुंबई–दिल्लीसारख्या लांब पल्ल्यात चढउताराचा हा खर्च पचून जातो, जवळच्या विमानतळांमध्ये तो डोळ्यांत भरतो.

वाऱ्याचाही हात आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचे वारे असतात. ते नागपूरला जाताना पाठीशी, परतताना समोर. ताशी ८० किलोमीटरचा वारा अख्ख्या वाटेवर धरला, तरी जाण्या-येण्यात फरक पडतो दहाएक मिनिटांचा. पावसाळ्यात वरचा वारा उलटतो. खाली पाऊस आणणारा पश्चिमेचा वारा, आणि त्याच्या डोक्यावर, पाच-सहा किलोमीटरच्या वर, पूर्वेचा. जुलैत पुण्याहून निघालेलं विमान एकाच चढणीत दोन्ही वारे ओलांडतं.

आणि एक सांगायचंच आहे. या सरळ रेषेचा मध्यबिंदू जिथे पडतो, तिथून उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर लोणारचं सरोवर आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेलं, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद विवर. विमानाची वाट दर वेळी सरळ नसते, ढगही आडवे येतात. तरी पाऊस ओसरल्यावर नागपूरला जाणार असाल तर डावीकडची खिडकी मागून घ्या, आणि उड्डाणानंतर अर्ध्या तासाने खाली पाहा.