अंदाज चुकेनासा झाला की

‘डोपामीन डिटॉक्स’चे व्हिडिओ सध्या इतके झालेत की त्यांची मांडणी तोंडपाठ झाली आहे. डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन, ते फोनने आणि मालिकांनी खर्चून टाकलं, म्हणून कामात मन लागत नाही. तेव्हा एक दिवस सगळं बंद ठेवून भिंतीकडे बघत बसा, टाकी भरेल आणि सोमवारी उत्साह ओसंडून वाहील. यातलं रसायनाचं नाव तेवढं खरं. डोपामीन उपासाने साठत नाही. चेतापेशी ते टायरोसीन या अमिनो आम्लापासून सतत बनवत असतात आणि सोडलेल्यातलं बरंचसं परत शोषून घेतात. एक दिवस फोन लांब ठेवलात तर कदाचित झोप सुधारेल, चिडचिड कमी होईल, उत्तमच आहे. त्याला रसायनशास्त्राचा मुलामा कशाला?

मुळात ‘आनंदाचं रसायन’ हेच प्रयोगशाळेत टिकलेलं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळजवळ संपवून पाहिलं. त्या उंदरांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं की ते पूर्वीसारखेच जिभल्या चाटत. चव आवडत होती. पण अन्न पुढ्यात ठेवलं तरी ते स्वतःहून खाईनात. नळीने भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. जॉन सॅलमोन यांच्या प्रयोगात दोन वाटा होत्या: एकीकडे थोडं अन्न, दुसरीकडे जास्त अन्न पण वाटेत चढून जावा लागेल असा उंच अडथळा. धडधाकट उंदीर अडथळा चढत. डोपामीन कमी केलेले उंदीर थोडक्यात समाधान मानत, आणि अडथळा काढून टाकला की पुन्हा जास्त अन्नाकडेच वळत. म्हणजे जास्त काय आहे हे त्यांना कळत होतं, हवंही होतं. त्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत असं वाटत नव्हतं.

कामात मरगळ आलेल्या माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. काम वाईट नाही, पूर्ण झालं की बरंही वाटतं, पण फाइल उघडायला हात उठत नाही.

आता माझ्या आवडीच्या प्रयोगाकडे येतो. आपल्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी आहेत. त्यांतल्या डोपामीन बनवणाऱ्या जेमतेम काही लाख, आणि त्यांतल्या बहुतेक मध्यमेंदूत दाटीवाटीने बसलेल्या. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्झ माकडांच्या याच पेशींचे विद्युत् ठोके एकेक करून नोंदवत होते. मूळ हेतू पार्किन्सन्सच्या आजारात हालचाल का अडते हे समजून घेण्याचा होता. पण पेशी हालचालीपेक्षा भलत्याच गोष्टीला दाद देत होत्या.

माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की पेशी धडाधड ठोके देत. इथवर ‘आनंदाचं रसायन’ म्हणणारे खूश. मग रसाच्या आधी प्रत्येक वेळी एक खूण दिली, समजा दिवा लावला. काही फेऱ्यांनी माकडाला ते उमगलं, आणि ठोके दिव्याच्या क्षणाला होऊ लागले. रस तोच, माकड तो आवडीने पीतही होतं, पण रस आला त्या क्षणी पेशी नेहमीच्याच संथ लयीत. तिसऱ्या प्रकारात दिवा लावला आणि रस दिलाच नाही. रस यायचा होता नेमक्या त्या क्षणी पेशी चिडीचूप झाल्या. पेशींना रसाशी कर्तव्यच नव्हतं. जे मिळेल असं वाटलं आणि जे मिळालं, त्यांतली तफावत त्या मोजत होत्या.

ही तफावत आकड्यांत मांडता येते, आणि तिथेच गंमत आहे. सूत्र साधं आहे:

नवा अंदाज = जुना अंदाज + शिकण्याचा वेग × (मिळालं ते − जुना अंदाज)

रसाचं मोल 10 धरू, शिकण्याचा वेग 0.3, आणि सुरुवातीचा अंदाज शून्य. पहिल्या वेळी तफावत 10, नवा अंदाज 3. दुसऱ्या वेळी तफावत 7, अंदाज 5.1. तिसऱ्या वेळी तफावत 4.9. दहाव्या वेळी ती 0.4 उरते आणि विसाव्या वेळी 0.01. बक्षीस शेवटपर्यंत 10 च आहे, कणभरही कमी झालेलं नाही. संदेश मात्र विझला आहे.

पण एवढ्याने दिव्याच्या क्षणीचे ठोके समजत नाहीत. दिव्याने माकडाला काहीच दिलेलं नसतं! हे कोडं 1997 साली शुल्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी ‘सायन्स’मधल्या लेखात सोडवलं. गणित त्यांनी घेतलं ते संगणकाला शिकवणाऱ्यांकडून, म्हणजे रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांच्याकडून (या दोघांना संगणकशास्त्रातला 2024 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला). त्यात बक्षिसाची वाट बघत बसायचं नसतं; लागोपाठच्या दोन क्षणांचे अंदाज एकमेकांशी ताडायचे. तफावत = आत्ता मिळालेलं + पुढच्या क्षणीचा अंदाज − या क्षणीचा अंदाज. दिवा लागण्याआधी अंदाज शून्य, लागताच 10. म्हणजे हातात काही न पडताही तफावत 10. पुढे रस येतो तेव्हा मिळालेलं 10, आधीचा अंदाजही 10, वजाबाकी शून्य. दिव्याच्याही आधी दरवेळी घंटा वाजवली तर ठोके घंटेकडे सरकतात आणि दिवा मुका होतो. असं मागे मागे सरकत संदेश अशा पहिल्या खुणेपाशी थांबतो, जी कधी येईल याचा आधी सुगावा लागत नाही. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढंच धरून ठेवा: सगळं ठरल्याप्रमाणे घडणं ही या पेशींसाठी बातमीच नाही.

मुरलेल्या कामाची अवस्था हीच असते. कोणता ईमेल येणार, त्यावर काय लिहायचं, वरिष्ठ कुठे लाल रेघ मारणार, सगळं आधीच ठाऊक. तुम्ही काम उत्तम शिकलात आणि त्या शिकण्याची ही किंमत. माकडाच्या रसापासून माणसाच्या नोकरीपर्यंतची उडी लांब आहे, मान्य. आणि मरगळीला वाईट वागणूक, कमी पगार अशी रोखठोक कारणंही असतात. पण काम तेच, माणसं तीच, पगारही ठीक, आणि तरी रस उडाला, अशा वेळी आधी ‘माझ्यातली जिद्द संपली’ असं म्हणण्याऐवजी ही वजाबाकी तपासावी. ग्रहांना दोष देणाऱ्यांबद्दल काय बोलावं. त्यांचा अंदाज कधी चुकतच नाही, कारण ते मिळालेल्याशी ताडूनच पाहत नाहीत.

मग नवं काहीतरी करावं, हा सल्ला ओघानेच येतो आणि तो अर्धा बरोबर आहे. पूर्वी न पाहिलेलं चित्र दिसलं तरी माणसाच्या मध्यमेंदूतला हाच भाग जागा होतो, हे निको बुन्झेक आणि एमराह ड्यूझेल यांनी 2006 मध्ये दाखवलं. पण नुसतं नवेपण लवकर शिळं होतं. टेबलाची जागा बदला, नवी वही आणा. वरचंच सूत्र त्यालाही लागू.

आणि काही नवेपण कधीच शिळं होत नाही, तो आणखी मोठा सापळा. 2018 मध्ये काही संशोधकांनी एका संगणकीय खेळाडूला, म्हणजे स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, पडद्यावरच्या भूलभुलैयात सोडलं. त्याला बक्षीस एकच: पुढे काय दिसेल याचा स्वतःचा अंदाज चुकला की गुण. गडी कुतूहलाने कानाकोपरा धुंडाळू लागला. मग एका भिंतीवर टीव्ही लावला आणि चॅनेल बदलायचं बटण त्याच्या हाती दिलं. गडी तिथेच खिळला. प्रत्येक चित्र अनपेक्षित, म्हणून गुण मिळतच राहिले, शिकला मात्र काहीच नाही. फोनवर अंगठा सरकवत बसणाऱ्या कुणाचीही आठवण आली तर योगायोग समजू नये. म्हणजे चूक अशी हवी की जी सुधारता येईल.

किती चूक हवी याचाही हिशेब झाला आहे. ॲरिझोना विद्यापीठातल्या रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये गणिताने दाखवलं की दोन पर्यायांतून निवड करायला शिकणाऱ्या ठरावीक प्रकारच्या यंत्रणा सर्वांत वेगाने शिकतात, तेव्हा त्या सुमारे 15.87 टक्के वेळा चुकत असतात. हा आकडा कार्यालयाच्या भिंतीवर लावायचा नाही. तो विशिष्ट गणिती प्रारूपांपुरता आहे. पण रोख लक्षात घेण्याजोगा आहे. शंभरातली शंभर कामं बिनचूक होत असतील, तर तिथे शिकणं थांबलेलं आहे.

काम बदलणं बहुतेकांच्या हातात नसतं. अंदाज लिहून ठेवणं असतं. समजा महिनाअखेरीला बँकेच्या नोंदी आणि वहीतल्या नोंदी जुळवायच्या आहेत, वर्षानुवर्षं केलेलं, जीव नकोसा करणारं काम. सुरू करण्याआधी कागदावर तीन ओळी खरडा: किती वेळ लागेल, किती नोंदी जुळणार नाहीत, आणि त्या कोणत्या प्रकारच्या असतील. चाळीस मिनिटं, पाच नोंदी, बहुतेक उशिरा वटलेले चेक. काम संपल्यावर ताडून बघा. पाचऐवजी अकरा निघाल्या आणि त्यांतल्या सात एकाच माणसाने दोनदा चढवलेल्या, तर पुढच्या महिन्याचा अंदाज लगेच मनात आकार घेऊ लागतो. आपल्याला अंगवळणी पडलेलं काम नवख्याला शिकवण्याचाही असाच उपयोग होतो. तो असे प्रश्न विचारतो की आपले अंदाज किती अर्धवट होते ते उघडं पडतं.

हे सगळं काम सरावाचं होऊन आलेल्या मरगळीबद्दल. कामाच्या ओझ्याने पार पिचून गेलेल्यांना हा उपाय सांगू नये. दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या त्या अवस्थेची, बर्नआउटची, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात कामाशी निगडित स्थिती म्हणून वेगळी नोंद केली आहे, आणि तिथे ओझं उतरवावं लागतं, नवं चढवून चालत नाही. आणि कामच नव्हे, तर सुट्टी, मित्र, आवडते छंद, कशातच दोन-दोन आठवडे मन लागत नसेल, तर नैराश्य, थायरॉइड किंवा रक्तक्षय यांपैकी काही आहे का ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.