शेजार होता, बरोबरी नव्हती

पुण्यात ‘लाल देऊळ’ म्हटलं की कॅम्पातला कुणीही जुना माणूस बोट दाखवतो ते ज्यूंच्या प्रार्थनास्थळाकडे. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं हे ओहेल डेव्हिड सिनेगॉग १८६७ मध्ये पूर्ण झालं. परधर्मीयांच्या इमारतीला लोक सहज ‘देऊळ’ म्हणू लागले, याचं मला फार अप्रूप आहे. त्याही आधी, १७९२ मध्ये, क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जागा मिळाली, ती सवाई माधवराव पेशव्यांकडून. पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथलिक शिपायांची ती सोय होती.

नाना धर्म-संस्कृतींनी आपापली ओळख राखून एकत्र नांदणं, म्हणजे ‘सांस्कृतिक बहुविधता’; ही संज्ञा मात्र अमेरिकेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून तिथे लोंढे येत होते आणि सगळ्यांनी एकाच मुशीत वितळावं असा आग्रह होता. तत्त्वज्ञ होरेस कॅलन यांनी १९१५ मध्ये त्याला विरोध केला. समाज हा वाद्यवृंद आहे, प्रत्येक वाद्याचा सूर आपापला राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्या वाद्यवृंदात कृष्णवर्णीयांना जवळपास जागाच नव्हती.

ही उणीव आपल्याही ओळखीची आहे. पेशवाईतल्या पुण्यात पेठोपेठी नाना जातीधर्मांचे लोक राहत. शेजार होता, बरोबरी नव्हती. चर्चला जमीन देणाऱ्या त्याच शहरात अस्पृश्यांना पाणवठ्याला शिवता येत नव्हतं. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा गंज पेठेत त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवू लागल्या. आणि लाल देऊळ पुरं झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. माझ्या लेखी पुण्यातल्या बहुविधतेला खरा अर्थ आला तो त्या हौदापाशी.

राज्यघटनेत हे दोन्ही धागे आहेत. कलम २९ भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क देतं; कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं. पहिल्याचा उल्लेख करताना दुसरं विसरलं जातं, हे मला खटकतं.

वारीत तुकोबांची पालखी नाना पेठेत आणि माउलींची भवानी पेठेत मुक्कामाला असते. रस्त्याकडेला बसलेले कारागीर वारकऱ्यांच्या तुटक्या चपला फुकट शिवून देतात. चप्पल हातात घेताना वारकरी वाकून कारागिराच्या पायाला हात लावतो, आणि तोही तसाच वाकतो.