पार्श्वभूमी : फ्रीसलंडचं प्रोटेस्टंट दैनिक

नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलंड प्रांत आहे. तिथल्या लीवार्डन शहरातून ‘फ्रीस डाखब्लाट’ हे दैनिक निघतं. नावाचा अर्थ साधा, फ्रीसलंडचं दैनिक. आजच्या डच शुद्धलेखनात ‘फ्रीस’ हा शब्द ‘एस’वर संपतो, पण पेपराच्या नावात पुढची ‘सी’ आणि ‘एच’ अजून छापली जातात. ती कुणी उच्चारत नाही, पण काढलीही नाहीत.

पेपर सुरू झाला 1903 साली, पण त्याची मुळं त्याआधीची. 1869 मध्ये वृत्तपत्रांवरचा मुद्रांक कर उठला आणि पेपर गरिबाच्या आवाक्यात आला. तीनच वर्षांनी, 1 एप्रिल 1872 रोजी, अब्राहम कायपर या प्रोटेस्टंट पाद्र्याने ‘द स्टांडार्ड’ हे दैनिक काढलं. त्याचा वाचक म्हणजे शेतकरी, दुकानदार, कारागीर; कायपर त्यांना ‘लहान माणसं’ म्हणत. या माणसांचं मोठं दुखणं शाळेचं होतं. सरकारी शाळा सरकारी पैशावर चालायच्या, बायबल शिकवणारी शाळा मात्र पालकांनी पदरमोड करून चालवायची. हा भेद घटनेतून जायला 1917 साल उजाडलं. कायपर यांनी 1879 मध्ये पक्ष काढला, 1880 मध्ये विद्यापीठ उभं केलं आणि 1901 मध्ये ते पंतप्रधान झाले. फ्रीसलंडचा पेपर निघाला तेव्हा ते त्याच पदावर होते.

फ्रीसलंडमध्ये अशा आपल्या विचारांच्या पेपराची गरज जास्तच होती. देशाच्या संसदेतला पहिला समाजवादी, डोमेला न्यूवेनहाइस, 1888 मध्ये याच प्रांतातून निवडून गेला होता. शिवाय लीवार्डनमध्ये 1752 पासूनचं ‘लीवार्डर कूरांट’ पाय रोवून होतं. श्रद्धाळू शेतकऱ्याला आपल्या घरात आपला पेपर हवा होता.

या पेपराबद्दल मला सर्वांत आदर वाटतो तो 1941 च्या निर्णयासाठी. दुसऱ्या महायुद्धात देशाचा ताबा घेतलेल्या जर्मन सत्तेच्या अटी मानून छापत राहण्यापेक्षा त्याने छपाईच थांबवली. कायपर यांचं ‘द स्टांडार्ड’ मात्र निघत राहिलं आणि युद्धानंतर उभं राहू शकलं नाही. ‘फ्रीस डाखब्लाट’ 1945 मध्ये, देश जर्मन ताब्यातून सुटल्यावर, पुन्हा वाचकांच्या दारात आलं. त्याचे संपादक हेंड्रिक आल्ग्रा पुढे 1946 ते 1969 संसदेच्या वरिष्ठ सभागृहातही होते.

साठच्या दशकापासून चर्च ओस पडू लागली. 1980 मध्ये कायपर यांचा पक्ष इतर ख्रिस्ती पक्षांसोबत एका नव्या पक्षात विलीन झाला. जुना प्रतिस्पर्धी ‘लीवार्डर कूरांट’ आणि हे दैनिक आता एकाच माध्यमसमूहात आहेत.